मागितलं तेवढंच

"हे नको. दुसरं दाखवा," शैलजाबाई म्हणाल्या.

हेमराजने लाल-निळ्या दिव्यांचे कॅबिनेट काउंटरवरून उचलले. पर्वत पाटियाच्या साडीबाजाराला लागून असलेल्या त्याच्या दुकानात कॉम्प्युटरचे सुटे भाग घेण्यासाठी कॉलेजची मुले येत. कडक इस्त्रीच्या सुती साडीतली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई तिथे प्रथमच आली होती.

"मावशी, गेमिंगवाल्या पोरांना लाइटच पाहिजे राहते."

"आम्हाला नको. काळं, साधं आणि आवाज न करणारं द्या."

शेजारी त्यांची नात तेजस्विनी उभी होती. कोणता भाग घ्यायचा हे तिला तोंडपाठ होते. गेली दोन वर्षे घरात तिने ते असंख्य वेळा ऐकले होते.

"सहा कोरचा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, त्याला चालेल असा स्वस्तातला मदरबोर्ड," ती म्हणाली. "आणि ग्राफिक कार्ड वापरलेलं."

"वापरलेलं कशाला? थोडं बजेट वाढवा, नवं देतो."

"पैशाचा प्रश्न नाही," शैलजाबाई म्हणाल्या. "मागितलं तेवढंच घ्यायचं आहे."

हट्टसुद्धा स्वस्तातलाच होता. नकार मिळू नये म्हणून एकेक भाग खाली उतरवत आणलेला. आधी नवे कार्ड, मग वापरलेले. आधी मोठा मॉनिटर, मग हॉलमधला टीव्ही चालेल म्हणून तोही रद्द. तरी शैलजाबाईंनी होकार दिला नव्हता. "हे काय खेळण्याचं वय आहे?" एवढ्या एका वाक्यावर तो विषय दरवेळी संपत असे.

हेमराजने कार्ड पुढे ठेवले. दुसऱ्याची वापरलेली वस्तू शैलजाबाईंच्या घरात कधी आली नव्हती. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"कोणाचं होतं?"

"कतारगामच्या एका पोराचं. कॅनडाला गेला, विकून गेला. चांगलं आहे, मी स्वतः चालवून पाहिलं. फक्त एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, हलका घेऊ नका, मावशी. तो जळाला की बाकीचं सगळं सोबत घेऊन जातो."

"तो चांगलाच घ्यायला सांगितलाय," तेजस्विनी म्हणाली.

"हुशार आहे मग तुमचा गडी! कोणता गेम खेळतो?"

तेजस्विनीने तोंड उघडले. आजीने तिच्याकडे नुसते पाहिले. घरातल्या गोष्टी दुकानात बोलायच्या नसतात, हे त्या घरात सांगावे लागत नसे.

"ट्रक चालवायचा," शैलजाबाईच म्हणाल्या. "घाटातले रस्ते, टोलनाके, पाऊस. सगळं घरात बसून."

हेमराज हसला. "मग स्टिअरिंग पण न्या ना! खरी गाडी तर तुम्ही हातात देत नसाल."

"स्कूटरची किल्ली मीच काढून घेतली होती. उधना रोडवर दोनदा पडून झालं होतं."

"बराबर केलं. या वयात ऐकतं कोण?"

"नाहीच ऐकत." डाव्या हाताने उजवे मनगट चाचपण्याची त्यांना अलीकडे सवय लागली होती, हात तिकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. "पण किल्ली घेतली, त्या दिवसापासून तासन् तास खिडकीत बसणं सुरू झालं. रस्त्याकडे बघत. मी येता-जाता पाहत होते आणि समाधान मानत होते, की शेवटी माझंच चाललं."

हेमराज स्टिअरिंगचे खोके शोधू लागला.

"कीबोर्डची अक्षरं मोठी हवीत," शैलजाबाईंचा आवाज पुन्हा ताठ झाला. "आणि माउस हळू चालणारा."

"हळू? पोरं तर फास्ट मागतात!"

"हळू."

"सारू, ठीक आहे. जोडून, तपासून चार दिवसांत देतो."

"आजच. उद्या घरी माणसं जेवायला येणार आहेत, त्यांच्यासमोर हे सुरू असलेलं दिसलं पाहिजे. परवा चारचौघांत शब्द दिलाय मी. आजवर माझा शब्द खाली पडलेला नाही."

"बर्थडे आहे काय?"

"गोडाचं जेवण आहे."

"मग तर आजच!" म्हणत हेमराजने स्क्रूड्रायव्हर उचलला. "वॉरंटी कोणाच्या नावाने करू? त्याच्याच करतो ना?"

"माझ्या," शैलजाबाई म्हणाल्या.

परतताना रिक्षात तेजस्विनीने कॅबिनेट मांडीवर घट्ट धरले होते. सहारा दरवाजा मागे पडल्यावर ती आजीकडे वळली.

"आजी, हे आधीच घेतलं असतं तर..."

"मला कळतं ते," शैलजाबाई म्हणाल्या आणि बाहेर पाहू लागल्या. एक ट्रक शेजारून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत त्यांची नजर त्याच्यावर होती.

घरी आल्यावर खिडकीजवळची खुर्ची त्यांनी स्वतः टीव्हीसमोर ओढली आणि तिच्यापुढे स्टिअरिंग बसवून घेतले. तेजस्विनीने बटण दाबले. पडद्यावर घाटाच्या पायथ्याशी एक ट्रक इंजिन सुरू ठेवून उभा राहिला. खुर्चीत कोणी बसले नाही.

परवा तापीच्या घाटावर मुलाने आईला सांभाळण्याचा शब्द दिला, घर एकत्र ठेवण्याचा दिला, नातीचे लग्न थाटात करण्याचाही दिला. पिंपळावरचा कावळा हलला नाही. ऊन चढले आणि गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा शैलजाबाई माणसे बाजूला सारून पुढे झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारून त्या म्हणाल्या, "दिलीपराव, तुमचा ट्रकचा खेळ आणते मी," आणि पिंडाला कावळा शिवला.