उलुगियाच्या वतीने

उलुगिया समुपदेशकाच्या खोलीत शिरला तो चुलतभावाला घेऊनच. सेफोच्या एका हातात मानाची काठी, काखेत बारीक विणीची चटई. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही, हे ठीक. पण स्वतःचं दुखणं सांगायलाही दुसरा माणूस! मोठ्या माणसांची दुखणीसुद्धा वाजतगाजत येतात.

समुपदेशक माकेरिता खुर्चीतून उठली. वय तिशीच्या आतच. सेफोने काठी टेकवली, घसा खाकरला आणि त्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांना उद्देशून सुरू केलं, "या थोर घराला, या घराच्या पूर्वजांना, आमचे ज्येष्ठ बंधू उलुगिया यांच्या वतीने..."

"काका, थांबा," ती म्हणाली. "इथे ज्याचं त्यानेच बोलायचं असतं. तुम्ही बाहेर बसा. आणि ही चटई मला घेता येणार नाही."

"दादा, ऐकलंस? आपली चटई नको हिला!"

"जा, खिडकीखाली बस," उलुगिया म्हणाला. "शहरातल्या पोरी. यांना कोण वळण लावणार?"

उलुगिया गावाचा वक्ता होता. लग्न असो, मयत असो, जमिनीचा तंटा असो, गावाच्या वतीने त्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. पण हल्ली भर सभेत त्याचा आवाज अडकू लागला होता. आपिया शहरातल्या डॉक्टरने घशात बॅटरी मारून पाहिलं, काही सापडलं नाही, म्हणून इकडे पाठवलं. येत्या रविवारी नव्या चर्चचं उद्घाटन होतं. तिथेही आवाज अडकला तर वक्तेपदाची काठी कायमची सेफोकडे जाणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सेफोला जरा जास्तच.

"आज पहिला दिवस," माकेरिता म्हणाली. "मी थोडं विचारीन. नको वाटलं तर उत्तर देऊ नका. इथे बोललेलं या खोलीबाहेर जात नाही. तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तरच जाईल."

"बाहेर जात नाही? मग बोलायचं कशाला?"

"मी ऐकते ना."

"तू एकटी!" उलुगिया फिसकन हसला. "पोरी, मी बोलतो तेव्हा चार गावं ऐकतात. बरं, काम कधी संपेल?"

"एका बैठकीत होत नाही हे. कधी कधी सुरुवातीला आणखी जड वाटतं."

"जमिनीची भांडणं मी एका बैठकीत मिटवतो. आणि तू पगार घेऊन माणसाला आणखी जड करतेस? छान धंदा आहे."

तिने ते कानाआड केलं. "आवाज नेमका कुठे अडकतो?"

"भाषणात वंशावळ सांगताना घरातल्या मुलांची नावं आली की." तो घाईने पुढे म्हणाला, "पण नावांचा काय संबंध? घशाचं आहे हे. समुद्राचा वारा बाधला असेल."

"तुमच्या मुलाच्या, इओपूच्या मयताला आमच्या गावचे लोक आले होते," ती म्हणाली. "तुमच्या त्या भाषणाचं अजून बोलतात."

उलुगियाची छाती फुगली. पोटचा पोरगा होडी उलटून गेला, आणि बाप त्याच्या शवपेटीशेजारी काठी टेकून उन्हं चढेपर्यंत बोलला होता. घरातल्या बायका रडायच्या थांबून ऐकत होत्या. लोकांनी वाहवा केली. हा माणूस त्या वाहवेवर वर्षभर जगला. किळस यावी असंच ते जगणं.

"त्या भाषणात इओपू कुठे होता?" माकेरिताने विचारलं.

"कुठे म्हणजे? मी उभा राहिलो आणि म्हणालो..." तो खरंच उभा राहिला. हात काठीसाठी चाचपडला, काठी बाहेर सेफोकडे होती. "म्हणालो, आपल्या पूर्वजांच्या होडीचं वल्हं आज तुटलं, या गावाचा कोवळा माड आज..."

"भाषण नको. खाली बसा. इओपू जेवायला कसा बसायचा, तेवढंच सांगा."

"हे असलं विचारायला तुला शाळेत शिकवलं?"

"हो."

उलुगिया खाली बसला. त्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्याने पुन्हा उघडलं. पंखा फिरत होता. समोरच्या पोरीने मदतीला एक शब्दही टाकला नाही. बोलण्यावर जगलेला तो माणूस मासळीसारखा तोंडाची उघडझाप करत राहिला.

बाहेर खिडकीखाली सेफोला ती शांतता सोसवेना. घराण्याचा वक्ता परक्या पोरीपुढे मुका बसलाय, याहून मोठी नाचक्की कुठली? तो उठला. काठी टेकवली. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांमधून त्याचा तयार, गोल, खणखणीत आवाज आत आला.

"आमचे ज्येष्ठ बंधू उलुगिया यांच्या वतीने, त्यांच्या दिवंगत पुत्राविषयी, या गावाच्या लाडक्या लेकराविषयी मी..."

"गप्प बस!"

ते ओरडणं वक्त्याचं नव्हतं. फाटकं होतं, बेसूर होतं. उलुगिया खिडकीशी जाऊन पट्ट्या धरून उभा होता.

"गावाचा नव्हता तो, सेफो! माझा होता. पाय पसरून जेवायला बसायचा, चार माणसांत, वक्त्याचा पोरगा असून. आणि मी मारायचो त्याला. ताटावरून उठवून मारायचो."