एका डब्यातले दोन पगार
आयकर खात्याच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. माझी पत्नी शिक्षिका होती. तिच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तीवेतन मी माझ्याच पेन्शनमध्ये मिसळून दाखवलं होतं. ते वेगळं दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं. काल दुसरी नोटीस मिळाली. आज लेक प्रीती तामसीहून बसनं आली. “बाबा, आईचे पैसे तुमच्या पेन्शनीत काऊन टाकले? त्याचा रकाना वेगळा, वरून वजावट भेटते. तुमी फुकटचा कर भरून राह्यले!” “आमचे पगार जन्मभर एकाच डब्यात पडले, पोरी. आता वेगळे कसे करू?” “सरकारले डबा दिसत नाही, बाबा.” ती हसली, मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. खात्याला लिहिलेल्या उत्तरात मी दोन आकडे कसेबसे वेगळे लिहिले, वजावट मागितली. पोस्टात खिडकीतल्या बाईनं पाकीट तोललं. “आत काही मोलाचं?” “दोन आकडे,” मी म्हणालो. तिनं शिक्का मारला.