वरच्या वाडीची बाकं

खेडहून मागवलेला टेंपो शाळेच्या अंगणात येऊन तास झाला, तरी काशीरामनं कुलूप काढलं नव्हतं. शाळा बंद झाल्यापासून त्याच्याकडेच असलेली किल्ली सदऱ्याच्या खिशात, हात खिशावर आणि पाठ दाराला. मला बाजूला कराल तर करा, असं तोंडावर स्वच्छ दिसत होतं. आता सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बाजूला कोण करणार?

समोर रहिमा मॅडम उभ्या होत्या, बंदरावरच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. जूनमध्ये पट एकतीसवर आला म्हणून वरच्या वाडीचं हायस्कूल बंद झालं आणि इथली पोरं पाच किलोमीटर खाली, मॅडमच्या शाळेत गेली. कागदावर याला समायोजन म्हणतात. कागदावर पोरांबरोबर खोल्या, बाकं, पंखे सगळं पोचलेलं होतं. प्रत्यक्षात पोचली ती फक्त पोरं.

“काका, सोमवारपासून दहावीची पूर्वपरीक्षा आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या वाडीची मुलं सहा महिने सतरंजीवर बसताहेत. आमच्याकडे आधीच एकेका बाकावर तिघं. नवीन बाकं मंजूर आहेत म्हणतात, पण कधी येणार ते कुणी सांगत नाही. आणि ही सोळा इथं नुसती पडून आहेत.”

“पडून नाय. दर रविवारी पुसतो मी,” काशीराम म्हणाला. “शाळा जोडली सरकारनं, मग बाकं पण सरकारनं द्यावी. आमची कशाला?”

यात त्याचं काय चुकलं, सांगा. बाकं सरकारची नव्हतीच. वाडीच्या मुंबई मंडळानं ती पाठवलेली, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पिवळ्या रंगात एकेक नाव. कालकथित रावजी यांच्या स्मरणार्थ. कालकथित यमुनाबाई यांच्या स्मरणार्थ. यातल्या कितीकांना उभ्या जन्मात शाळेत बाकावर बसायला मिळालं नव्हतं. बाकं आली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, काशीरामनं ती हमरस्त्यापासून डोक्यावरून वर आणली होती.

“बाकं हायत तोवर शाळा हाय,” तो म्हणाला. “दोन अर्ज दिलेत मी. उद्या साहेब बघायला आला आणि आत काय नसलं, तर कुठल्या तोंडानं शाळा परत मागू? गोठा म्हणेल तो ह्याला.”

टेंपोवाला सदू इतका वेळ चाकावर पाय टेकून ऐकत होता. “बाबा, होय का नाय ते एकदाचं बोला,” तो म्हणाला. “मला दुपारी सावर्ड्याला जायचंय.”

“नाय,” काशीराम म्हणाला. मग मॅडमकडे वळला. “आणि पोरांचं मला नका सांगू. माझी नात तुमच्याकडेच हाय ना दहावीला, आम्रपाली. ती पयल्या बाकावर बसते, खिडकीजवळ. मी रोज इचारतो तिला.”

मॅडमनी उगाच ओढणी सारखी केली.

“काय झालं?”

“काका, ती सतरंजीवर बसते. पहिल्या दिवसापासून.”

“खोटं!”

“मी तिला म्हटलं होतं, आजोबांना सांग, ते बाकं देतील. तर म्हणाली, नको मॅडम, तुम्ही पण सांगू नका. बाकं दिली की आजोबांची आशा सुटेल. मग ते दिवसभर काय करतील?”

काशीरामचा हात खिशावरून खाली आला. गणपतीनंतर पोरीची पाठ धरायला लागली होती. शाळेतून आली की आजीकडून तेल चोळून घ्यायची. दप्तर जड झालं म्हणून हा शाळेला शिव्या घालायचा. मुंबईच्या लेकाला फोन करून त्यानं रुंद पट्ट्यांचं दप्तरसुद्धा मागवलं होतं. मोठा शहाणा! नात सहा महिने वाकून लिहीत होती आणि हा इथं रिकाम्या खोलीत बाकं पुसत होता. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की मॅडमकडे बघवेना.

त्यानं दार उघडलं.

एकेक बाक बाहेर निघालं. काशीराम प्रत्येक बाक उचलायच्या आधी पाठीवरचं नाव मोठ्यानं वाचायचा. तो दुसरीपर्यंत शिकलेला, वाचायला वेळ लागायचा. सदूनं मात्र आता घाई केली नाही. दुसरं टोक धरून तो नाव संपेपर्यंत उभा राहायचा. पंधरा बाकं टेंपोत चढली तेव्हा ऊन पार डोक्यावर आलं होतं.

सदू टेंपोत वर चढून दोऱ्या आवळायला लागला. आत एकच बाक उरलं होतं. तेवढ्या मोठ्या खोलीत ते एकटं बघून मॅडमना राहवलं नाही.

“काका, हे एक राहू दे इथं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही अर्ज करताच आहात. साहेब आले तर दाखवायला होईल.”

काशीरामनं त्या बाकाकडे बघितलं. बघतच राहिला. एकदा तर वाटलं, ठेवणार हा.

“नको,” तो म्हणाला. “एक कमी पडलं, तर आमचंच पोर खाली बसेल.”

मॅडमनी ओढणी कमरेला खोचली आणि बाकाचं दुसरं टोक धरलं.