सत्तर युनिट

मॉनिटरवर नाडी बत्तीस. रक्तदाब तर यंत्राला सापडतच नव्हता. नाडी वाढवायचं इंजेक्शन दोनदा देऊन झालं, फरक शून्य. खाटेवरचे आजोबा टक्क उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होते.

"डॉक्टर, शुगर चारशे दहा," सिस्टर म्हणाल्या. "घरचे म्हणतात, डायबिटीस कधीच नव्हता."

तरुण डॉक्टरीण जागीच थबकली. "नाडी मंद, बीपी नाही, आणि शुगर आभाळाला? सिस्टर, खिसे बघा!"

सदऱ्याच्या खिशातून बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप निघाली. दहाही गोळ्या गायब. सिस्टर ती घेऊन पळतच बाहेर गेल्या. बाकावर आजोबांची बायको बसली होती. स्ट्रिप बघून आजी म्हणाल्या, "ही? अहो, कालच तर नवी आणली!"

"या गोळ्या जास्त झाल्या की नाडी पडते आणि शुगर चढते. गोळ्यांचंच विष चढलंय," डॉक्टर म्हणाली. "कॅल्शियम द्या. मग इन्सुलिन, सत्तर युनिट, शिरेतून. पुढे दर तासाला तेवढंच."

सिस्टरांचा हात हवेतच थांबला. वीस वर्षांच्या नोकरीत एवढं कुणाला दिलं नव्हतं. "सात म्हणालात ना?"

"सत्तर! हृदय उपाशी पडलंय, त्याला साखर पोचवायला एवढं लागतंच. शुगर उतरायला लागली की ग्लुकोज चालू करू, शुगर मी स्वतः बघते. भरा!"

सिस्टरांनी भरलं, आकडा दोनदा मोठ्यानं वाचला आणि दिलं.

दहा मिनिटं. वीस. बत्तीस, चौतीस, पुन्हा बत्तीस. चाळिसाव्या मिनिटाला यंत्रानं पहिल्यांदा रक्तदाब दाखवला. नाडी अठ्ठेचाळीस. छप्पन्न.

"चढतेय!" डॉक्टर ओरडलीच. सिस्टरांनी आनंदानं तिच्या पाठीत धपका घातला आणि मग जीभ चावली.

संध्याकाळी आजोबांना वाचा फुटली. "एवढ्या गोळ्या कशाला घेतल्या हो?" सिस्टरांनी विचारलं.

"आमची ही विचारायची, गोळी घेतली का? मला काही आठवायचं नाही. विसरलो म्हणायची लाज वाटायची. मग घ्यायचो एक."

इतक्यात आजी आत आल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "सिस्टर, मी तर कालपासून सारखी आठवण करून देत होते हो यांना!"

सिस्टर काही बोलणार, तोच आजोबांनी सलाईन लावलेला हात हळूच उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं.