सतरावा प्रश्न

दारं उघडली आणि पोरं बाहेर सांडली. लिमोज शहराबाहेरच्या याच हॉलमध्ये एरवी गाईबैलांचं प्रदर्शन भरतं. तेव्हा बाहेर पडणारी जनावरं या पोरांपेक्षा ताजीतवानी दिसतात.

कोरीन गाडीला टेकून उभी होती. हातात लेकीसाठी हॅम आणि लोणी भरलेला पाव, कागदात गुंडाळून आणलेला. जे सांगायचं होतं ते तिने गावापासून इथपर्यंत मोठमोठ्याने बोलून घोटलं होतं. ओरियान, आजोबा गेले. ईस्टरच्या सोमवारी. तुझी परीक्षा होईपर्यंत आम्ही लपवलं. इतकंच तर बोलायचं होतं. आपल्या वडिलांनी खांद्यावर बसवून वाढवलेली ही पोर, आणि तिला मातीलासुद्धा येऊ दिलं नव्हतं.

पण करणार काय? डॉक्टरकीच्या या पहिल्या वर्षाला दुसरी खेप नसते. मूठभरांना आत घेतात, बाकीच्यांनी हात हलवत परत जायचं. म्हाताऱ्याने स्वतःच बजावलं होतं, पोरीला कळवू नका. कोरीनने फोनवर मारायच्या थापाही तयार ठेवल्या होत्या. आजोबा झोपलेत, आजोबा बागेत आहेत. एकही वापरावी लागली नाही. ओरियानने विचारलंच नव्हतं.

ओरियान आली. गालांची हाडं वर आलेली, केस चार दिवस न धुतलेले. आईच्या गालाला गाल लावते न लावते तोच मागून एक मुलगा धावत आला. तिच्याच वर्गातला, गास्पार.

"ओरियान, सतराव्याला काय केलंस? तो हृदय थकलेला म्हातारा, लक्षणं ओळखायची होती तो? मी ए, सी, डी केलं."

"बी पण होतं ना," ओरियान शांतपणे म्हणाली.

"बी? मेलो!" गास्पारचा चेहरा खाडकन उतरला. तो पार्किंगकडे चालू लागला.

"बी होतं?" कोरीनने विचारलं.

"छे. त्याचं बरोबर आहे."

"अगं, मग असं का सांगितलंस? संपली ना आता परीक्षा?"

"सवय गं." ओरियानने पावाचा लचका तोडला. "राहू दे त्याला रात्रभर टक्क जागा. सप्टेंबरमध्ये त्याने मला चाचणीची खोली चुकीची सांगितली होती."

कोरीनला क्षणभर आपल्याच पोरीची भीती वाटली. मग भीती वाटली याची लाज वाटली.

गाडीत बसल्यावर तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही. घोटलेलं वाक्य मध्येच मोडलं, तरी एकदाचं सांगून झालं. ओरियान चावायची थांबली. कोरीन समोरच्या काचेकडे बघत राहिली. ओरड माझ्यावर, रड, दार आपटून निघून जा, पण काहीतरी कर, असं तिला होऊन गेलं.

"कशाने गेले?" ओरियानने विचारलं.

"वयाने, दुसरं काय. आधी पाय सुजायला लागले..."

"ए," ओरियान म्हणाली.

"काय?"

"काही नाही. पुढे?"

"मग आडवं पडलं की जीव घाबराघुबरा व्हायचा. रात्र रात्र खुर्चीत बसून झोपायचे."

"सी."

"अंगणातल्या कोंबड्यांना दाणे टाकायला जायचे तर वाटेत दोनदा थांबायचे. इतकी धाप लागायची. गावात डॉक्टर राहिलाय कुठे आता? आम्हाला वाटलं, म्हातारपण आहे, चालायचंच."

ओरियान डी म्हणाली नाही. तिने पाव मांडीवर ठेवला.

"पाय कधीपासून सुजले होते?"

"फेब्रुवारीपासून असतील. तुला केला होता ना त्यांनी फोन? आमच्या डॉक्टरीणबाईंनाच विचारतो म्हणाले होते."

केला होता. ओरियानला तो फोन लख्ख आठवला. ग्रंथालयातली आपली जागा कुणी बळकावेल म्हणून ती एक पाय दारात अडकवून बोलत होती. "डॉक्टरीणबाई, बूट पायात जात नाहीत हो माझे, काय करावं?" असं म्हणून आजोबा हसले होते. आणि ती म्हणाली होती, "मग मोठे घ्या ना आजोबा! ठेवते, अभ्यास आहे." पुढे ते काहीतरी म्हणत होते. तिने फोन ठेवला होता.

"आई," ती म्हणाली, "मी त्यांना..."

पण पोरगी रागावली नाही म्हणून कोरीनचा जीव भांड्यात पडला होता, आणि इतक्या दिवसांचं साठलेलं रडू आता तिला आवरेना. रडत रडतच ती बोलत सुटली.

"दुसऱ्याच दिवशी मला घेऊन बाजारात गेले बघ. नवे बूट घेतले, एक नंबर मोठे. दुकानदारालाही ऐकवलं, नातीने लिहून दिलेत म्हणून. रोज तेच घालायचे. म्हणायचे, अजून वर्षही झालं नाही पोरीला शिकायला लागून, आणि औषध बघ कसं लागू पडलं." तिने हातरुमालाने नाक पुसलं आणि लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुला बरं वाटेल म्हणून सांगते. तेच घालून पाठवलं त्यांना."