मशीनपुढची उदबत्ती

"आई, आधी प्लग काढ, मगच मागची फळी उघड."

गेलेल्या मुलाचे, हृषीचे, शब्द आठवून शरयूताईंनी प्लग काढला. हृषीनं घरीच बनवलेलं, कपाटाएवढं व्हिडिओ गेमचं मशीन सकाळी बंद पडलं होतं.

दुरुस्तीला आलेल्या हृषीच्या मित्रानं आतला पॉवर सप्लाय उघडला. "काकू, याच्या पंख्यात नुसती उदबत्तीची राख. पंखा अडकून सप्लाय जळलाय. पूजा करता की काय याची?"

 हृषी गेल्यापासून शरयूताई रोज तिथं उदबत्ती लावत, मशीन नंदादीपासारखं अखंड चालू ठेवत, पण बटणांना कुणाचा हात लागू देत नसत.

"म्हणजे मीच जाळलं रे."

"नवा सप्लाय आणतो, काकू. संध्याकाळपर्यंत होईल सुरू."

तो निघाला. बिल्डिंगमधली मुलं यावर खेळतील, असा शब्द शरयूताईंनी शेवटच्या दिवसांत दवाखान्यात हृषीला दिला होता.

संध्याकाळी खेळायला या, असं मुलांना सांगायला शरयूताई हळूहळू जिना उतरू लागल्या.