दोन पडदे

"पडदे नीट ओढलेत ना?" बाईंनी विचारलं.

"मुंगीसुद्धा दिसायची नाही," मदतनीस म्हणाला. "आवाज बदलायचं मशीनही लावलंय. सख्खा नवरा बोलला तरी ओळखू यायचा नाही. बरं, लेकीला लागली का नोकरी?"

"शोधतेय. कुठे ते सांगत नाही. तुझा वशिला नको म्हणते."

पडद्यांचा नियम बाईंचाच. कंपनीची ऑफिसं देशोदेशी, आणि दर देशातल्या साहेबांची नाक मुरडायची तऱ्हा वेगळी. कुणाला बाई नको, कुणाला म्हातारा, कुणाला परक्या वळणाचं नाव. बाईंनी सगळ्यांना एकच काढा पाजला: उमेदवार पडद्याआड, आणि एकदा निवड सांगितली की पडदा उघडल्यावर फिरवायची नाही. कुठल्याच देशात, कुणासाठीच.

आज मात्र बाईच पडद्याला कान लावून बसल्या होत्या. दोघा उमेदवारांत एक त्यांचा जुना साहेब आहे, अशी कुणकुण होती.

लेकीच्या वेळी बाई पोटुशी असताना त्यानं विचारलं होतं, "बाळंतपण की नोकरी? काय ते एक ठरवा." आणि टेबलावर बोटं वाजवली होती. टक-टक, टक. नोकरी गेली ती गेलीच. पुढे घरी जेवताना बाई त्याची बोटं वाजवण्यासकट हुबेहूब नक्कल करायच्या, नि अख्खं घर लोटपोट व्हायचं.

पहिला उमेदवार बेताचंच बोलला. दुसऱ्याची उत्तरं चोख. आणि मधेच पडद्यामागून आलं, टक-टक, टक.

सापडलास लेका! बाई सावरून बसल्या. "तुमच्यामुळे कधी कुणाची नोकरी गेलीय?"

पलीकडून मशीनचा घोगरा आवाज, "गेलीय. एकीची. अजून सलतं."

टक-टक, टक.

"सलू दे," बाई पुटपुटल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "निवड पहिल्याची."

मदतनीस कानाशी लागला. "मॅडम, दुसरा किती छान बोलला!"

"उथळ पाण्याला खळखळाट फार."

इतक्या वर्षांचा काटा निघाला होता. बाईंनी हसत पहिला पडदा सारला.

खुर्चीत जुना साहेब बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

दुसऱ्या पडद्याआड कुणीतरी मशीन बंद केलं.

"बरं झालं, आई. तुझ्या वशिल्यानं लागली, असं आता कुणी म्हणणार नाही."